'डेस्टिनो': शेवटी काळाला ती मिळते की नाही?

मृण्मयी_स

'डेस्टिनो'वर इथे एकही धागा नाही, म्हणून मीच काढते. जेमतेम सात मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट. वॉल्ट डिस्ने आणि स्पॅनिश अतिवास्तववादी चित्रकार साल्व्हादोर दाली यांनी १९४५ मध्ये करायला घेतला आणि पूर्ण झाला २००३ मध्ये. एकही संवाद नाही. मेक्सिकोच्या आर्मांदो दोमिंगेझचं एक स्पॅनिश गाणं, डोरा लूझचा आवाज आणि त्यावर एकातून एक उमलत जाणारी चित्रं, एवढाच ऐवज.

गोष्ट म्हणावी तर अशी. क्रोनोस म्हणजे साक्षात काळ, दगडात कोरलेला. डालिया नावाची मर्त्य मुलगी त्याच्यापाशी येते आणि दोघांचा एकमेकांवर जीव जडतो. ती त्या ओसाड मैदानात नाचत फिरते. वाटेत एका घंटेची सावली पडते आणि तीच सावली तिचा झगा होते. इकडे तोही दगडातून सुटून बाहेर येतो. दोघं एकमेकांकडे झेपावतात, पण मधे सारखं काहीतरी येत राहतं. शेवटी क्रोनोस परत भिंतीत दिसतो. छातीला आरपार भोक आणि त्या भोकात घंटा.

माझ्या मते ते भेटत नाहीत. सगळ्या जगाची नियती ज्याच्या हातात, त्याला स्वतःच्या प्रेमापुरतीसुद्धा ती वाकवता येत नाही. छातीतली पोकळी म्हणजे तिची कायमची अनुपस्थिती. माझी मैत्रीण म्हणते, अगदी उलट. ती कायमची त्याच्यात वसते. आमचं भांडण मिटलेलं नाही. तुम्ही सांगा. शेवट मी आधीच फोडलाय, पण तो माहीत असून काही बिघडत नाही, पाहिलंत की कळेल.

देवदत्त

धागा वाचून लगेच पाहिला. मुलगी शेजारी बसली होती. क्रोनोसच्या तळहातातून मुंग्या निघतात आणि बघता बघता त्यांची सायकलवाली माणसं होतात, डोक्यावर पाव घेतलेली. ती म्हणाली, "बाबा, हे सगळे डिलिव्हरीला निघालेत का?"

भेटतात की नाही ते नंतर सांगतो. अजून एकदा बघावा लागेल.

माडाखालचा

@देवदत्त, आमच्या गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाला, रोज सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत येतो, फक्त पाव मागच्या टोपलीत असतात. लेकीला म्हणावं इथे ये, रोज दाखवतो.

कुंचला

मृण्मयीताई, या विषयाची कितीतरी वर्षं वाट पाहत होतो. अ‍ॅनिमेशनच्या धंद्यात आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

दाली तेव्हा हॉलिवूडमध्ये होते ते हिचकॉकच्या 'स्पेलबाउंड'साठी. त्यातला स्वप्नाचा प्रसंग त्यांनी योजला होता. १९४५ मध्ये वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओचे जॅक वॉर्नर यांच्या घरच्या पार्टीत त्यांची आणि डिस्नेंची गाठ पडली. मग दाली डिस्नेंच्या स्टुडिओत येऊन काम करू लागले. त्यांच्या जोडीला स्टुडिओचा चित्रकार दिला, जॉन हेंच. दोघांनी सुमारे आठ महिने स्टोरीबोर्ड, रेखाटनं, तैलचित्रं असा ढीग उभा केला.

मग पैसे आटले. महायुद्धाने परदेशातली बाजारपेठ गेली होती आणि स्टुडिओ कर्जात होता. लांब पल्ल्याची फिल्म परवडत नव्हती म्हणून छोट्या छोट्या फिल्मा एकत्र बांधून काढल्या जात, 'मेक माइन म्युझिक' (१९४६) हा त्यातलाच प्रकार. 'डेस्टिनो' अशाच एखाद्या गाठोड्यात जायचा होता. पण प्रेक्षकाला तो पचेल याची कुणालाच खात्री वाटेना आणि काम थांबलं. हेंच यांनी सुमारे १७ सेकंदांचा एक तुकडा चाचणी म्हणून चित्रित केला होता. हलतं असं तेवढंच उरलं.

१९९९ मध्ये वॉल्टचे पुतणे रॉय ई. डिस्ने 'फँटेशिया २०००'च्या कामात असताना ही सामग्री पुन्हा बाहेर आली. काम पॅरिसजवळच्या डिस्नेच्या फ्रेंच स्टुडिओकडे गेलं, दिग्दर्शक दोमिनिक मॉन्फेरी. तोवर दाली जाऊन दहा वर्षं झाली होती. हेंच मात्र नव्वदी ओलांडूनही त्याच कंपनीत कामाला होते! त्यांना विचारून विचारून टीमने चित्रांचा क्रम लावला. जून २००३ मध्ये फ्रान्समधल्या आनसीच्या अ‍ॅनिमेशन महोत्सवात फिल्म दाखवली गेली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये हेंच गेले.

आता सांगा, नियतीची गोष्ट पडद्यावर जास्त आहे की पडद्यामागे? ऐन तिशीत हातातून सुटलेलं काम पंचाण्णवाव्या वर्षी पुरं झालेलं पाहायला मिळणं. मला डालियापेक्षा हेंच यांचीच गोष्ट आधी आठवते.

पारवा

कुंचला, सलाम! हा स्वतंत्र लेख व्हायला हवा.

रोखठोक

मी विरुद्ध बाजूने बोलतो.

फिल्म देखणी आहे, वादच नाही. पण ही दालींची फिल्म म्हणून खपवू नये. दाली १९८९ मध्ये गेले. कोणत्या चित्रानंतर कोणतं, किती क्षण थांबायचं, कुठे वळायचं हे ठरवलं ते दुसऱ्याच लोकांनी, अर्ध्या शतकानंतर. सिनेमात क्रम आणि वेळ हेच तर सगळं असतं. वितळणारी घड्याळं, मुंग्या, डोळ्यांच्या डोक्यांची माणसं, सगळा ओळखीचा सरंजाम एका ओळीत मांडलाय. त्यात प्रेमकथा का? तर प्रेक्षकाला काहीतरी धरायला हवं म्हणून.

डिस्नेंना त्यात खऱ्या प्रेमाच्या शोधात निघालेली साधी मुलगी दिसत होती आणि दालींना काळाच्या चक्रव्यूहात सापडलेलं माणसाचं आयुष्य. दोघांनी तेव्हाच वेगवेगळी वर्णनं करून ठेवलीत. मग 'भेटतात की नाही' हा प्रश्न कुणाच्या फिल्मबद्दल विचारायचा?

मृण्मयी_स

@रोखठोक, मी दोघांनाही विचारते आहे. दोन माणसं एकाच चित्राकडे बघून दोन गोष्टी सांगत असतील आणि दोन्ही त्या चित्रात बसत असतील, तर ते चित्र जमलंय असं मी म्हणेन. आणि प्रेमकथा वरून चिकटवली म्हणताय, तर त्या गाण्याचं काय? ते तर सुरुवातीपासून होतं. दालींनी चित्रं काढली ती त्या गाण्यासाठी. ते प्रेमगीतच आहे.

कुंचला

@रोखठोक, वेळेबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, ती जबाबदारी मॉन्फेरींचीच. पण त्यांनी ते लपवलेलं नाही. बरंचसं काम हाताने काढलेलं, त्यात संगणकाची मदत, आणि मधे तो १९४६ चा तुकडा तसाच्या तसा बसवलाय. त्या तुकड्याबद्दल नंतर लिहितो, मृण्मयीताईंच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडतं.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. ज्या फ्रेंच स्टुडिओने हे काम केलं, तो डिस्नेने त्याच २००३ मध्ये बंद केला. हाताने चित्रं काढणारी तयार माणसं होती ती.

फुलपाखरू

कुठे पाहायला मिळेल?

पारवा

@फुलपाखरू, 'फँटेशिया'ची ब्लू-रे २०१० मध्ये आली, तिच्यासोबत आहे. लायब्ररीत मिळाली तर बघा. मोबाइलवर बघू नका, सावल्या दिसत नाहीत.

बे_एरियातली_सई

सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉल्ट डिस्ने फॅमिली म्युझियममध्ये २०१५ मध्ये डिस्ने आणि दाली यांच्यावर मोठं प्रदर्शन भरलं होतं. आम्ही सहकुटुंब गेलो. 'डेस्टिनो'साठी काढलेली मूळ चित्रं तिथे भिंतीवर होती. फिल्ममध्ये जे क्षणात सरकून जातं त्याच्यासमोर निवांत उभं राहता येत होतं. कागदावर ती एकाकी वाटतात. मुलगी एकीकडे, बुरूज दुसरीकडे, मधे नुसती मोकळी जमीन. गाणं कानात नसलं तर ही फिल्म प्रेमाची कमी आणि अंतराची जास्त आहे, असं तिथे फार जाणवलं.

रोखठोक यांच्या मुद्द्यात एक भर. फिल्म थांबली तरी दोस्ती थांबली नाही. डिस्ने १९५७ मध्ये पत्नीसह स्पेनला दालींच्या पोर्ट लिगातच्या घरी जाऊन आले होते. दोघांनाही हे अर्धवट राहिलेलं काम फुकट गेलं असं वाटत नसावं.

जुना_मुंबईकर

थोडं अवांतर, पण दालींचं नाव निघालंय तर राहवत नाही.

१९६७ मध्ये आपल्या एअर इंडियाने दालींकडून अ‍ॅशट्रे करून घेतली होती, पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना भेट द्यायला. मोबदला म्हणून दालींनी पैसे मागितले नाहीत, हत्तीचं पिल्लू मागितलं! आणि एअर इंडियाने ते दिलं. बंगळुरूहून पिल्लू निघालं ते जिनिव्हामार्गे स्पेनला, दालींच्या गावाकडे, सोबत माहूत. तेव्हा नरिमन पॉइंटची इमारतसुद्धा उभी राहायची होती.

त्या अ‍ॅशट्रेला शंखासारखी वाटी आणि खाली आधाराला हंस आणि हत्ती. गंमत अशी की हंस उलटा धरला की हत्तीचं डोकं दिसतं आणि हत्ती उलटा धरला की हंस.

कुंचला

काका, हे अवांतर अजिबात नाही! हंसांच्या प्रतिबिंबात हत्ती, हे त्यांचं १९३७ चं चित्रच आहे. एका आकारात दोन वस्तू लपवायच्या, बघणाऱ्याच्या डोळ्याने एक धरली की दुसरी निसटते, हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास. 'डेस्टिनो'तली घंटेची सावली आणि झगा, मुंग्या आणि सायकली, सगळं त्याच कुळातलं. कागदावर हे एका जागी थिजलेलं असतं. अ‍ॅनिमेशनमध्ये हंसाचा हत्ती होताना दिसू शकतो. दालींना डिस्नेंचं आकर्षण का वाटलं असेल, ते इथे कळतं.

अपर्णा_जो

मला सगळा वेळ सावित्री आठवत होती.

आपल्याकडे काळाशी सामना झालेली प्रेमात पडलेली बाई म्हणजे तीच. पण तिथे यम तिसरा आहे, नवराबायकोच्या मधे आलेला. ती त्याच्या मागे चालत राहते, एकेक वर मागते, शेवटी शब्दात पकडते आणि नवरा सोडवून आणते. यमाला तिचं कौतुक वाटतं, पण तो स्वतः कोरडा राहतो. इथे मधला तिसरा कुणी नाहीच. ज्याने न्यायला यायचं तोच प्रियकर. त्याच्याशी वाद घालून काही मिळवता येत नाही, कारण तो द्यायला तयार असूनही देऊ शकत नाही. तो तिच्याजवळ जितका येईल तितकं तिचं आयुष्य सरणार. काळ अंगाला लागणं म्हणजे म्हातारं होणं, नाही का?

म्हणून मी मृण्मयीच्या बाजूने. ते भेटत नाहीत, आणि त्याने दूर राहणं हेच त्याचं प्रेम आहे.

देवदत्त

अपर्णाताई, शेवटचा परिच्छेद वाचून परत पाहिला. आता फिल्म वेगळीच दिसली.

चहा_बिस्किट

एवढ्या दुःखी नियतीपेक्षा मला 'पेपरमॅन'वाली नियती आवडते, बाबा. २०१२ ची, डिस्नेचीच, काळीपांढरी, दिग्दर्शक जॉन कार्स. जुन्या न्यू यॉर्कच्या रेल्वे फलाटावर वाऱ्याने उडालेला कागद तिच्या चेहऱ्याला चिकटतो, त्यावर लिपस्टिकचा ठसा उमटतो. नंतर ती समोरच्या इमारतीत दिसते आणि हा आपल्या ऑफिसच्या खिडकीतून कागदी विमानं सोडत सुटतो. एकही पोचत नाही. शेवटी विमानंच जिवंत होऊन दोघांना एका स्टेशनवर आणतात. ऑस्करही मिळालं. नियतीने एवढं तरी करावं की!

रोखठोक

@चहा_बिस्किट, त्याच फिल्मशी माझं जुनं भांडण आहे. विमानं त्या बिचाऱ्याला अक्षरशः ढकलत, फरफटत नेतात. त्याने स्वतः केलेले सगळे प्रयत्न वाया आणि वैतागून फेकलेल्या शेवटच्या विमानापासून जादू सुरू. मग त्याच्या धडपडीला काय अर्थ उरला?

चहा_बिस्किट

अर्थ उरतो ना! तो नोकरी सोडून साहेबासमोरून धावत सुटतो, ते कुणाच्या जादूने नव्हे. ते आधी घडतं, विमानं नंतर उठतात. आणि लिपस्टिकवालं विमान तिच्यापुढे उडतं तेव्हा ती आपल्या पायांनी त्याच्या मागे जाते. तिला कुणी ढकलत नाही.

रोखठोक

धाव आधी येते हे मान्य. तिच्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. त्याच्याबद्दल माझी तक्रार कायम.

मेलबर्नचा_मन्या

२००३ च्या ऑस्करसाठी 'डेस्टिनो'ला नामांकन होतं, पण बाहुली घेऊन गेला आमच्या मेलबर्नचा अ‍ॅडम एलियट. 'हार्वी क्रम्पेट', मातीच्या बाहुल्यांची, सुमारे २३ मिनिटांची फिल्म, निवेदन जेफ्री रशचं. योगायोग बघा, तीही नियती आणि प्रेमाचीच गोष्ट आहे, पण अगदी दुसऱ्या टोकाची.

हार्वी पोलंडमध्ये जन्मतो, युद्धामुळे ऑस्ट्रेलियात येतो. टुरेट सिंड्रोम (अंगाला आपोआप झटके येण्याचा मज्जासंस्थेचा विकार), डोक्याला मार, वीज अंगावर पडणं, कर्करोग. नियतीने एकाही माणसावर इतकं लादू नये. आणि या सगळ्यात हॉस्पिटलातली नर्स व्हॅल त्याच्याशी लग्न करते. आईने गरोदरपणी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे अपंग जन्मलेल्या एका मुलीला ते दत्तक घेतात. एके दिवशी बागेतला पुतळा हार्वीशी बोलतो आणि सांगतो, आजचा दिवस पकड.

'डेस्टिनो'त पुतळा प्रेमात पडतो, सुटतो आणि शेवटी परत दगडातच अडकतो. इथे पुतळा जागचा हलत नाही, पण माणसाला हलवतो. दोन्ही एका रात्री लागोपाठ बघा. माझं मत विचाराल तर हार्वीच्या गोष्टीत प्रेम जास्त खरं आहे, कारण तिथे कुणीतरी कुणाचं तरी आजारपण काढतं. सावली पांघरणं सुंदर दिसतं. पथ्यपाणी बघणं कठीण असतं.

अपर्णा_जो

@मन्या, शेवटचं वाक्य वाचून थांबले. सासऱ्यांचं आजारपण सध्या घरात आहे. फिल्म नक्की बघते.

नूपुर

मी कथक शिकवते, म्हणून डालियाच्या नाचाबद्दल बोलते. ती पूर्णवेळ नाचते आणि तो जवळजवळ पूर्णवेळ अडकलेला. पण नाच वेळेशिवाय होत नाही. लय म्हणजे काळाचेच तुकडे. तालाशिवाय मी पाऊलसुद्धा टाकू शकत नाही. म्हणजे ती त्याच्यापासून दूर नाचत असली तरी प्रत्येक पावलाला त्यालाच स्पर्श करते आहे. अपर्णा म्हणते तो काळ म्हातारं करणारा. मी रोज ज्या काळाबरोबर उभी असते तो समेवर आणून सोडणारा आहे.

म्हणून माझ्या मते ते सुरुवातीपासून भेटलेलेच आहेत.

कुंचला

नूपुर, वा! आता माझं राहिलेलं सांगतो.

हेंच यांनी चित्रित केलेला तो तुकडा दोन कासवांचा आहे. दोन कासवं दोन बाजूंनी येतात, प्रत्येकाच्या पाठीवर एकेक विद्रूप, लोंबणारा चेहरा. ती हळूहळू जवळ सरकतात. चेहरे एकमेकांना भिडायला येतात तेव्हा त्यांच्या मधली जी मोकळी जागा आहे तिचा आकार होतो बॅलेरिनाचा, डोक्याच्या जागी गोळा. म्हणजे नर्तकी कुणी काढलेलीच नाही. दोन चेहऱ्यांमधलं उरलेलं अंतर म्हणजे ती.

पूर्ण फिल्ममध्ये दालींच्या हयातीत हललेलं असं हेच. रोखठोक म्हणतात तशी बाकीच्या वेळेवर फ्रेंच टीमची छाप आहे, हिच्यावर नाही. आणि हे तुमच्या प्रश्नाला सरळ जाऊन भिडतं. कासवं लांब असतील तर नर्तकी नाही. पूर्ण चिकटली तरी नर्तकी नाही. ठरावीक अंतर राखलं तरच ती दिसते. सईने प्रदर्शनात जे अंतर पाहिलं ते हेच असावं. मी तरी भेटतात की नाही यावर कौल देणार नाही. छातीतल्या भोकालासुद्धा बाहेरून कडा आहे म्हणून आकार आहे.

रोखठोक

हा मुद्दा आधी कुणी मांडलेला वाचला नव्हता. कासवांचा भाग मी दर वेळी 'चला, एक विचित्र गोष्ट' म्हणून पुढे जाऊ देत होतो. तेवढे १७ सेकंद दालींचे, हे मान्य. बाकीच्याबद्दल माझं म्हणणं तेच.

मृण्मयी_स

सगळ्यांचे मनापासून आभार. मैत्रिणीला अख्खा धागा पाठवला, तिने एका ओळीत उत्तर दिलं: "नूपुर बरोबर." मी अजूनही अपर्णाकडे आहे. शेवटच्या चित्रात घंटा आहे, पण ती वाजवायला कुणी नाही. भेट झाली असती तर डिस्नेच्या स्टुडिओने ती वाजवल्याशिवाय सोडली नसती, याची मला खात्री आहे. कासवांच्या जागी मात्र कुंचला यांचं म्हणणं पटतं. भेट असेल तर ती तिथे आहे, मधेच, आणि क्षणभर.

पुढच्या महिन्यात आमच्या फिल्म क्लबात लघुपटांची संध्याकाळ आहे. आता 'डेस्टिनो', 'पेपरमॅन' आणि 'हार्वी क्रम्पेट' तिन्ही लावायचं ठरवतेय. क्रम काय ठेवू?

मेलबर्नचा_मन्या

हार्वी शेवटी. आणि त्यानंतर चहाला अर्धा तास ठेवा, लोकांना लगेच घरी जाववत नाही.

चहा_बिस्किट

'पेपरमॅन' आधी ठेवा, लोक हसत बसतील. चहाबरोबर काय लागतं ते माझ्या नावातच आहे.

फुलपाखरू

मन्या, 'हार्वी'वर वेगळा धागा काढा ना.

मेलबर्नचा_मन्या

शनिवारी काढतो. तोवर बघून ठेवा सगळ्यांनी.